हं न म्हणण्याचा ऑक्टोबर

सकाळचे साडेदहा वाजत आले की मला एका जागी बसवत नाही. कप विसळून होतो, ओटा पुसून होतो, पुसलेला ओटा पुन्हा पुसून होतो. मग चार्जिंगवरचा फोन काढून टेबलावर बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा करते. बाजूला चष्मा, पाण्याचा ग्लास आणि टोक केलेली एक पेन्सिल. पेन्सिल कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. तुमच्याकडे मेलबर्नला तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. निहार शाळेतून येऊन काहीतरी खात असतो. इथे परळला ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत येतं आणि फरशीवर चौकोन आखून बसतं. मी त्या चौकोनांवरून चार वेळा ये-जा करते तेव्हा कुठे फोन वाजतो.

मुक्ता, निहार, हा महिना तुमच्या लक्षात नसेल. पाऊस गेलेला असतो आणि थंडी येणार नसते. धुतलेले कपडे तासाभरात वाळून पापडासारखे कडक होतात. नवरात्राच्या मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले असतात आणि लालबागच्या बाजूने वारा आला तर चिवड्याच्या फोडणीचा वास येतो. आणि सगळीकडे सहामाही असते. काल लिफ्टमध्ये एक आई आपल्या मुलीला स्पेलिंग विचारत होती. तळमजल्यापासून एकोणिसाव्या मजल्यापर्यंत. मुलगी एक अक्षर म्हणायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची, पुढचं अक्षर म्हणायची आणि पुन्हा बघायची. मी मजल्यांच्या बदलत्या आकड्यांवर नजर ठेवून उभी राहिले.

मुक्ता, तू अशीच बघायचीस.

तू तेव्हा सात वर्षांची होतीस, दुसरीत. तुझ्या बाबांना तिकडे नोकरी लागली. माझी लेक, म्हणजे तुमची आई, दहा महिन्यांच्या निहारला घेऊन त्यांच्यामागे घर मांडायला गेली. तुझं अर्धं वर्ष फुकट जाऊ नये म्हणून तू जूनपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहिलीस. जाताना तुझ्या आईने मला एकच काम सांगितलं होतं. "आई, तिकडे मीही नोकरीला लागेन. तिच्याजवळ बसायला कुणी नसेल. शाळा नवी, टीचर नव्या, भाषासुद्धा बोलायला वेगळीच. तिला स्वतःचा अभ्यास स्वतः करायची सवय लाव, एवढंच कर."

"शिस्तीचं माझ्यावर सोड," मी म्हटलं.

शिस्तीबद्दल मला शंका नव्हती. फोर्टातल्या एका कंपनीत तीस वर्षं मी साहेबांची सही होण्याआधीची पत्रं तपासत होते. स्वल्पविराम चुकलेलं पत्रसुद्धा माझ्या टेबलावरून पुढे गेलं नाही. लोक मागून मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं, पण साहेब न वाचता सही करत, आणि त्याचा मला अभिमान होता. तू आलीस त्याच आठवड्यात मी कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली. पाच पेन्सिली, पाचांची टोकं एकाच दिशेला. चार वाजता दूध, सव्वाचारला अभ्यास. तुझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला माझी खुर्ची.

आणि मग आपला तो खेळ. तेव्हा तो खेळ आहे हे मला कळलं नव्हतं. तू एक ओळ लिहायचीस आणि मान वर करायचीस. मी "हं" म्हणायची. तू दुसरी ओळ लिहायचीस, मान वर, "हं." आमच्या लहानपणी श्रावणात आई कहाणी सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असे. हुंकार थांबला की ती कहाणीही थांबवायची, "झोपलात वाटतं," म्हणून. तसंच काहीसं. तुझं चुकलं तर माझा हं यायचा नाही. तेवढ्यावरून तू खोडरबर उचलायचीस आणि दुसरा आकडा घालून बघायचीस, मग तिसरा, हं येईपर्यंत. काय समज आहे पोरीला, असं मला वाटायचं. जून गेला, जुलै गेला. तुझ्या वहीत लाल शाईची एकही खूण नव्हती. फोनवर तुझ्या आईला मी वहीची पानं दाखवायची, एकेक उलटून, जशी लोक साड्या दाखवतात.

सप्टेंबरात चाचणी झाली आणि तुझ्या जाधव टीचरांनी मला शाळेत बोलावून घेतलं. टीचर तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षाही लहान. डिलाइल रोडच्या चाळीत वाढलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी समोर गणिताचा पेपर ठेवला. पहिलं उत्तर बरोबर. खाली सगळं कोरं.

"आजी, मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, बाळा, पुढचं का नाही लिहिलंस? येत नाही का? तर म्हणाली, येतं. मग लिही की. तर म्हणते, हं म्हणा ना."

मी पेपर उलटून पाठची बाजू बघितली, तीही कोरी होती.

"चाळीस मुलं आहेत वर्गात. मला कळेचना, काय म्हणू?" त्या हसल्या. मग त्यांनी तुझी गृहपाठाची वही काढली, माझं तपकिरी कव्हर घातलेली. "आणि ही बघा. हिच्यात एक चूक नाही. चार महिने मी समजत होते, मुक्ताला सगळं येतंय. तिला काय येत नाही ते मला दिसायला नको का? चुका माझ्यापर्यंत येऊ द्या, आजी. त्या माझ्यासाठी असतात."

शाळेपासून घर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. मी चाळीस मिनिटं चालत होते. एकदा पुलाच्या टोकापर्यंत गेले आणि परत फिरले. मनातल्या मनात टीचरांना फार सुंदर इंग्रजीत उत्तरं देत होते. दिवाळीला सहा आठवडे उरले होते. सहा आठवड्यांनी तू एका परक्या वर्गात बसणार होतीस, तिथल्या बाईंच्या तोंडाकडे बघत. त्या बाईंना हं ऐकू येणार नव्हता आणि कळणारही नव्हता.

मी स्वतः गिरगावात इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या घरात ती पहिलीच इंग्रजी. माझी आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही मांडीवर घेऊन बसायची आणि ती नारळ खवत असायची. "झालं का गं?" एवढंच विचारायची. मी "झालं" म्हटलं की झालं. खरं म्हणजे पुष्कळदा झालेलं नसायचं. वहीत लाल रेघांचा नुसता खच असायचा आणि आई कौतुकाने म्हणायची, "बाईंनी किती लिहिलंय गं तुझ्या वहीत!" मला तेव्हा तिची लाज वाटायची. पुलावर उभी राहून त्या दिवशी मला ते आठवलं, आणि आठवायला नको होतं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. "आजपासून तुझं तू," असं तुला सांगितलं. तू घाबरून माझ्याकडे बघितलंस. मी आत जाऊन मेथी निवडायला घेतली. पण घर केवढंसं! ओट्यापाशी उभं राहिलं की टेबल दिसतंच. तू सातच्या जागी नऊ लिहिलंस आणि मला खोकला आला. खरंच आला. तू मान वर केलीस आणि खोडरबर उचललंस. दोन दिवसांत तुला कळलं की आजी खोकली म्हणजे चुकलं आणि आजी गप्प म्हणजे बरोबर. हं घरातून गेला आणि खोकला आला. मी पाठ फिरवून उभी राहिले तर तू माझी पाठ वाचायला लागलीस.

समोरच्या दारात राहणाऱ्या गावडेकाकू तुला आठवतात ना? चाळ पाडून आपला टॉवर उभा राहिला, सगळ्यांनी दारं लावून घेतली, पण काकूंचं दार चाळीत असल्यासारखं दिवसभर उघडं. चौथ्या दिवशी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"बाई, तुमी आजारी आसात काय? रोज चार वाजता खोकतास."

मी त्यांना सगळं सांगितलं. टीचरांचं, हंचं, खोकल्याचं. त्या एवढ्या हसल्या की त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "ता चेडू वही वाचणा नाय, तुमचा त्वांड वाचता. तुमी माझ्याकडे येऊन बसा. माका पण सोबत."

"आणि ती एकटी?"

"एकटी खंय? दोन दारां उघडी आसत. वीस मिनटां बसा. मरूक जाता काय कोण वीस मिनटांत?"

वीस मिनिटं. मुक्ता, माझ्या आयुष्यात मी मुलाखती दिल्या, बाळंतपण सोसलं, तुमच्या आजोबांच्या वेळी इस्पितळाच्या बाकावर बसले. पण काकूंच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरची पहिली वीस मिनिटं मला सोसवली नाहीत. काकू जमिनीवर बसून गावाहून आलेल्या नारळाच्या झावळ्यांचे हीर सुरीने सोलत होत्या. दर ऑक्टोबरात त्या दिवाळीसाठी खराटे बांधायच्या, अख्ख्या मजल्याला वाटायच्या. सुरी हिरावरून सर्रकन जायची आणि मला वाटायचं, तुझी खुर्ची सरकली. मी तीन वेळा उठले. तिन्ही वेळा काकू वर न बघता म्हणाल्या, "बसा." मी त्यांच्या शोकेसमधल्या कपबश्या मोजल्या. त्यांतल्या दोन उलट्या दिशेला होत्या, त्या सरळ केल्या. घड्याळात बघितलं तर सहा मिनिटं झाली होती.

परत आले तेव्हा तू आठांतली तीन उदाहरणं केली होतीस. त्यातली दोन चूक. समासात एक मासा काढला होतास, मिशा असलेला. माझा हात खोडरबरापर्यंत गेला. तू बघत होतीस, माझं तोंड वाचायला मान वर करून. मी वही मिटली, दप्तरात घातली आणि तोंड धुवायला गेले. तोंड धुण्याइतकं गरम होत होतं, हे खरंच आहे, पण त्यासाठी गेले नव्हते.

दोन दिवसांनी वही परत आली आणि तू दारातूनच ओरडलीस, "आजी, टीचरने माझ्या वहीत टिकल्या लावल्या!"

चुकीच्या उत्तरांभोवती लाल गोल होते. तू ते मोजलेस. दोन. जेवताना तू काकूंना जाऊन दाखवून आलीस. मी मात्र वाढताना भात दोनदा वाढला. एका गोलाखाली टीचरांनी लिहिलं होतं: बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस कसे? मी बघितलं आणि मला एकदम उमगलं. तू सातातून दोन काढले होतेस, लहान मोठ्यातून, कारण उलट होत नाही. शेजारच्या दशकाकडून मागून घ्यायचं असतं, हे तुला कधी समजलेलंच नव्हतं. चार महिने प्रत्येक वेळी ते मागून घेणं माझ्या हंने केलं होतं.

ते मी तुला दोन मिनिटांत समजावून सांगू शकले असते. पेन्सिल उचलली पण होती. पण तू दप्तर घेऊन समोर पळालीस, कारण काकूंनी चिवडा ठेवला होता. मी मागून गेले आणि आपल्याच दारात थांबले. आत जावं की नाही, ते ठरेना.

"आज काय दिल्यान बाईंनी?" काकूंनी विचारलं.

"फिफ्टी टू मायनस ट्वेंटी सेव्हन. माझं राँग आलं."

"माका कागदावरचा कळणा नाय गो बाय. हिरांनी करून दाखव."

तू दहा-दहा हिरांच्या पाच जुड्या बांधल्यास, रबरबँड लावून. दोन हीर सुटे ठेवलेस. "आता यातले ट्वेंटी सेव्हन काढायचे. आधी सेव्हन."

"सात? सुटे तर दोनच आसत. सात खंयसून देऊ तुका?"

"मग सातातून दोन काढायचे."

"ह्या बरा! माझ्याकडे दोन, तू मागतंस सात, आणि माझेच काढतंस?" काकूंनी सुरी चालूच ठेवली होती. "दुकानात असा करशीत तर मार खाशीत."

तू हिरांकडे बघितलंस. जुड्यांकडे बघितलंस. मग एक जुडी हातात घेतलीस आणि हळूच म्हणालीस, "ही सोडू?"

काकू वर बघत नव्हत्या. तेव्हा तू दाराकडे बघितलंस, माझ्याकडे. तुझे ते डोळे मी आजही विसरलेले नाही. माझा हं घशापर्यंत आला होता. मी मान फिरवली. पॅसेजच्या खिडकीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांची पत्र्याची छपरं दिसतात, ती बघत राहिले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या छपरावर कुणीतरी लाल ताडपत्री टाकली होती.

"आजीक काय बघतंस? माका पण विचारू नको," काकूंचा आवाज आला. "हीर तुझ्या हातात आसत."

मी छपरं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग रबरबँड तुटल्याचा आवाज आला. तू तो सोडला नाहीस, ओढून तोडलास. हीर जमिनीवर पसरले. त्यातून तू सात उचललेस, मोठ्याने मोजत. मग दोन जुड्या. राहिलेले मोजलेस. "ट्वेंटी फाइव्ह," तू म्हणालीस. कुणालाच विचारलं नाहीस. पुन्हा एकदा मोजलेस आणि वही ओढून लिहिलंस.

काकू म्हणाल्या, "आता माका सगळे हीर परत जुळवून दी."

मी घरात आले. टेबलावरच्या पाच पेन्सिलींतली एक उलट दिशेला होती. तशीच ठेवली. रात्रीपर्यंत ती मला टोचत राहिली, पण ठेवली.

सगळं एका दुपारी बदललं, असं मात्र समजू नका. पुढचे चार आठवडे तू रडलीस, वही फेकलीस, "आजी वाईट आहे," असं आईला फोनवर सांगितलंस. काही दिवस तू अख्खी वीस मिनिटं मिशांचे मासेच काढलेस. मी काकूंच्या शोकेसमधले कप दर दिवशी लावत राहिले आणि दर दिवशी कुणीतरी ते पुन्हा उलटे करत होतं. आता मला वाटतं, काकूच करत असाव्यात, मला कामाला लावायला. सहामाहीत तुला गणितात वीसपैकी चौदा मिळाले. पेपर हातात आल्यावर मी मार्क नंतर बघितले. आधी जागा बघितल्या. एकही कोरी नव्हती.

विमानतळावर तुझ्या बुटाची लेस सुटली होती. तुझे बाबा तुला न्यायला आले होते आणि घाई करत होते. रांग पुढे सरकत होती. तू खाली बसलीस आणि दोन कान करून गाठ मारायला लागलीस. पहिली सुटली. दुसरी सुटली. बाबा वाकले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा दुसरा हात मी पाठीमागे धरून ठेवला होता, साडीच्या पदरासकट, घट्ट. तिसऱ्यांदा गाठ बसली, वाकडी. तू उठलीस आणि चालायला लागलीस. बघायला मान मागे वळवली नाहीस. मला तेच हवं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी पासष्टीत शिकले.

आता निहार सात वर्षांचा आहे. सुरुवातीला तो फोनवर उदाहरण वाचायचा आणि पडद्यात माझं तोंड शोधायचा. ओळखीची मान, ओळखीचे डोळे. तीन आठवड्यांपूर्वी, मुक्ता, तू आतल्या खोलीतून आलीस, तेरा वर्षांची, उंच, कानात ती पांढरी बटणं. म्हणालीस, "आजी, प्लीज, खोकू नकोस हं." आणि फोन उचलून टेबलावर पालथा घातलास. माझ्यासमोर अंधार झाला. "तू इथेच आहेस. पण तो तुला बघणार नाही. डील?"

"डील," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हे तू कुणाकडून शिकलीस, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

तेव्हापासून रोज साडेदहाला मी काळ्या पडद्यासमोर बसते. पेन्सिलीची कुरकुर ऐकते. खोडरबर घासल्याचा आवाज पेन्सिलीपेक्षा जाड असतो, तो ओळखू येतो. मधूनच निहार विचारतो, "आजी, आहेस?" मी "आहे" म्हणते. बरोबर की चूक, ते त्याने विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. फक्त आहे की नाही, एवढंच. पहिल्या दिवशी त्याने अकरा वेळा विचारलं. मी मोजलं. सवय जात नाही. मग सात वेळा. मग चार.

आज सकाळी त्याने एकदाही विचारलं नाही.

पेन्सिल चालली, थांबली, पुन्हा चालली. खोडरबर घासलं गेलं. मी पाण्याचा ग्लास डावीकडून उजवीकडे ठेवला, उजवीकडून डावीकडे. मग वही मिटल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली, पावलं धावत गेली, जाळीचं दार आपटलं. बाहेर अंगणात तो मोठ्याने काहीतरी ओरडला, त्याच्या मित्राला असावं, इंग्रजीत. फोन बंद करायचा राहिला. मी आहे, हे तो विसरला.

मी तशीच बसून राहिले. तुमच्या घरात कुठेतरी नळ टपटपत होता. खिडकीबाहेर एक पक्षी ओरडत होता, ज्याचं नाव मला माहीत नाही. इथे खाली कुणीतरी बांबू उतरवत होतं. फरशीवरचा उन्हाचा चौकोन माझ्या पायापर्यंत आला.

"हं," मी म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं. मग पेन्सिल उचलून पेन्सिलींच्या डब्यात ठेवली.